दोन ग्रॅमचा संशय

पेडणेकरकाकांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो माझ्या बांगड्यांवरून. आखातातल्या रास अल खोर भागातल्या आमच्या कंपनीत मी नोकरीला लागले त्याच दिवशीची गोष्ट. काटे तपासायच्या खोलीत मी सहीसाठी कागद घेऊन गेले, तर साठीकडे झुकलेला, किडकिडीत, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेला एक माणूस माझ्या तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघत म्हणाला, "त्यात लोखंड आहे का?" मी म्हटलं, सोन्याच्या आहेत. तर म्हणाले, "कोणी तपासल्या?" मला वाटलं, बुवा थट्टा करतोय. पुढच्या सहा वर्षांत कळलं की पेडणेकरकाकांना थट्टा करता येत नाही आणि दुसऱ्याने केलेली कळतही नाही. बांगड्या काढून दाराबाहेर ठेवल्या तेव्हा कुठे माझा कागद त्यांनी हातात घेतला.

आमची कंपनी काटे तपासून दाखला देणारी. सोनाराच्या नाजूक काट्यापासून ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यापर्यंत सगळं आमच्याकडे येतं. मालक भिडे सर, तपासणारे पेडणेकरकाका, आणि सर्टिफिकेट टाइप करणारी मी, वैशाली. बाकीही माणसं आहेत, पण सर्टिफिकेटवर तपासनीस म्हणून सही चालायची ती काकांचीच. मूळचे कुडाळकडचे. पंचवीसेक वर्षं इथे काढून त्यांनी या देशातल्या एकाही काट्यावर विश्वास ठेवला नव्हता, आणि हे ते अभिमानाने सांगत.

त्यांच्या खोलीचे नियम सोवळ्यापेक्षा कडक. काट्याशेजारी एका काडीला कापसाचा धागा लटकवलेला असायचा. तो हलला की एसी बंद. जुलैच्या दुपारी, बाहेर डांबर पाघळत असताना, आम्ही त्या बंद खोलीत घामाने निथळत धागा थांबायची वाट बघत उभे राहायचो. मोबाइल बाहेर ठेवायचा. बोलायचं असेल तर तोंड भिंतीकडे करायचं. एकदा भिडे सर स्वतः काही सांगायला आत आले, तर काकांनी त्यांना खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं. मालकही मुकाट्याने भिंतीशी बोलले आणि बाहेर जाऊन माझ्याकडे बघून हसले.

सर्वांत छळवादी नियम होता मनात वाचायचा. काकांचा स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा नव्हता. त्यामुळे प्रत्येक नाजूक काटा आधी ते बघायचे आणि आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उपडी ठेवायचे. मग मला हाक. "वैशाली, बघ. मनात वाच. तोंडाने बोलू नकोस." मीही माझ्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा. मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. जुळल्या तर ते समाधानी व्हायचे असंही नाही. "तू माझ्या हाताकडे बघत होतीस का?" असं वर विचारायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, मी तुमच्या हाताकडे बघून आकडा ओळखणार असेन तर मला सर्कशीत नोकरी मिळेल. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या खेपेपासून हात खिशात घालून उभे राहायला लागले.

शुक्रवारी ते भाजीबाजारात जायचे तेव्हा जेवणाचा रिकामा स्टीलचा डबा बरोबर घेऊन जायचे. त्या डब्याचं वजन झाकणासकट त्यांना पाठ होतं. कांदे घ्यायच्या आधी डबा दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचे, आकडा बघायचे, मग कांदे. एक केरळी दुकानदार त्यांना लांबूनच बघून काट्यावरची टोपली बाजूला करायचा आणि म्हणायचा, "रखो अंकल, डब्बा रखो." त्याचा काटा कायम बरोबर निघायचा. काकांना त्याचाच जास्त संशय यायचा. म्हणायचे, "मी येतो त्या दिवशी बरोबर करून ठेवत असेल."

त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला आम्ही केक आणला, तर सुरी हातात घेऊन त्यांनी आधी भिडे सरांना विचारलं की मला काढताय का. सर म्हणाले, नाही हो, हबीबी, वाढदिवस आहे तुमचा. तेव्हा त्यांनी केक कापला, पण संध्याकाळपर्यंत दोनदा माझ्याकडे येऊन चौकशी केली की एचआरमधून काही कागद आलाय का. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. बायको-मुलं गावी, इथे खोलीत तीन जणांबरोबर राहणं, आणि या तिघांपैकी एकालाही ते आपल्या कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगत नसत. असं आयुष्य काढायचं म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

एकाच गोष्टीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, ती म्हणजे त्यांची स्वतःची पितळी वजनं. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली. अर्ध्या ग्रॅमचं एक, एक ग्रॅमची दोन, मग दोन, पाच, दहा. कंपनीची स्टीलची होती, पण दांडीच्या काट्यांना ते ती लावत नसत. अशा काट्यात दांडी लवकर स्थिर व्हावी म्हणून लोहचुंबक बसवलेलं असतं, आणि चुंबकाजवळ स्टील आणायचं म्हणजे चोराला घर दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. भिडे सरांनी ते मान्य केलं होतं. दर जुलैत ती पितळी वजनं आमच्या मुख्य वजनांशी ताडून बघितली जायची आणि दरवर्षी बरोबर निघायची. इतर कोणी त्या पेटीला हात लावायचा नाही.

दांडीच्या काट्यांतला सगळ्यांत मानाचा काटा यायचा एका नेमबाजी क्लबकडून. क्लब परवान्याचा, शहराबाहेर वाळवंटाच्या अंगाला. तिथले स्पर्धेचे नेमबाज तयार गोळ्या वापरत नाहीत. काडतुसं हाताने भरून घेतात आणि प्रत्येकात पावडर अगदी सारखी लागते. ती मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग, आणि काटा त्याचाही दहावा हिस्सा दाखवतो. आपल्या हिशोबाने दोन तीळ इकडे की तिकडे. पण पावडर जास्त झाली तर बंदूक माणसाच्या तोंडावर फुटू शकते, म्हणून हा काटा दर सहा महिन्यांनी आमच्याकडे तपासायला यायचा.

तो घेऊन यायचे क्लबचे नियाझभाई. पाकिस्तानातले, झेलमकडचे. क्लबची काडतुसं भरण्याचं काम गेली सतरा वर्षं त्यांच्याकडे. काटा गाडीत मांडीवर घेऊन बसायचे, डिकीत कधी ठेवला नाही. खोलीबाहेर बाकावर तासभर बसायचे. काका आत, ते बाहेर, दोघांत "सलाम" आणि "ठीक है" यापलीकडे शब्द नाही. मी चहा दिला की नियाझभाई आपल्या मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचे. ती बारावीला होती आणि त्यांना तिला फार्मसीला घालायचं होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर चार दिवसांनी काटा आला, पण क्लबचा ड्रायव्हर घेऊन आला. नियाझभाईंना मुलीच्या शाळेत बोलावलं होतं म्हणे. काकांनी खोका उघडायच्या आधीच मला विचारलं, "आज स्वतः का नाही आला?"

शून्यावर काटा ठीक. एक ग्रॅमला ठीक. दोन ग्रॅमचं पितळी वजन पारड्यात ठेवलं आणि काट्याने एक रेघ जास्त दाखवली. दोन आणि वर अर्धा ठेवला तरी एक रेघ जास्त. पाचला पुन्हा ठीक. काकांनी एसी बंद केला, धागा थांबू दिला, तीन वेळा सगळं पुन्हा केलं. मला बोलावलं. मी मनात वाचलं, चिठ्ठ्या उलटल्या, जुळल्या. मग त्यांनी भिंग घेतलं. दांडीवर सरकवायचं वजन अडकायच्या खाचा असतात, त्यातली नेमकी तिथली खाच चकाकत होती. क्लबच्या काडतुसांत पावडर भरली जायची ती याच वजनाच्या आसपास, तेव्हा रोजच्या वापरानेही ती चकाकली असती. पण हे मला आज सुचतंय. त्या दिवशी काका भिंगावरून मान वर न करता म्हणाले, "घासलेली दिसते," आणि मलाही ती घासलेलीच दिसली.

ते मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत टाइप करायची. त्यांनी सांगितलं, "खाच घासल्यासारखी वाटते असं लिही." मी लिहिलं, 'पॉसिबल टॅम्परिंग'. टॅम्परिंग, म्हणजे मुद्दाम केलेला फेरफार, हा शब्द माझा. त्यांच्या वाक्यात तो नव्हता. मला तो भारदस्त वाटला. काकांनी वाचून सही केली आणि म्हणाले की मला वाटलंच होतं.

क्लबने त्या शब्दावरून पुढचं सगळं रचलं. काटा जास्त दाखवतो म्हणजे काडतुसात पावडर कमी जाते, मग उरलेली पावडर जाते कुठे? आणि या देशात बंदुकीची पावडर गहाळ होणं म्हणजे गोदामातून साबण जाणं नव्हे. नियाझभाईंना घरी बसवलं, क्लबचं ओळखपत्र काढून घेतलं. चौकशीचा कागद पुढच्या गुरुवारी वर जाणार होता. एकदा तो वर गेला की नोकरी तर जातेच, व्हिसा जातो आणि माणूस आत जातो. हे आम्हाला क्लबच्या ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. मी रात्री जेवताना घरी सांगितलं, तर माझा मुलगा म्हणाला, "मम्मा, दॅट्स सो कूल, लाइक अ क्राइम शो." मी त्याला ओरडले नाही. खरं सांगायचं तर मलाही थोडी मजाच वाटत होती. सतरा वर्षं मांडीवर काटा घेऊन येणारा माणूस, आता कळलं का घेऊन यायचा, असं मी नवऱ्याला म्हटल्याचंही मला आठवतं, आणि त्याची मला लाज वाटते.

मग मंगळवारी डेरा भागातल्या एका ऊदवाल्याचा काटा आला. इथे ऊदाचं सुगंधी लाकूड सोन्यासारखं तोलून विकतात, म्हणून त्याचाही काटा नाजूक, दांडीचा. दोन ग्रॅमला एक रेघ जास्त. काकांनी "हा पण" एवढंच म्हटलं आणि भिंग उचललं. मी दारात उभी होते. त्यांचा हात भिंगासकट मध्येच थांबला. मग त्यांनी काटा बाजूला सारला, आपल्या पेटीतलं दोन ग्रॅमचं वजन चिमट्याने उचललं आणि काचेच्या पेटीतल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. आकडा बघितला. ते काढून एक ग्रॅमची दोन्ही वजनं ठेवली. आकडा बघितला. मला मनात वाचायला बोलावलं नाही.

त्यांनी टूथपिक मागितली. मी माझ्या डब्याच्या पिशवीतून काढून दिली. पांढऱ्या कागदावर वजन आडवं धरून त्यांनी त्याच्या गळ्याच्या खाचेतून टूथपिक फिरवली. कागदावर पिवळी पूड पडली. बोटाच्या टोकावर मावेल एवढी. त्यांनी ती नाकाशी नेली.

"हळद आहे," ते म्हणाले.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा काकाच करायचे. मीना बाजारातून झेंडू आणायचे आणि पंधरा दिरहम म्हणजे साडेतीनशे रुपये झेंडूला घेतले म्हणून दिवसभर सांगत बसायचे. मोठ्या काट्यांना हार, स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू. पितळी वजनांची पेटी मात्र त्यांनी आजवर कधी पूजेला काढली नव्हती, नुसती बंद पेटीवर फूल ठेवायचे. त्या वर्षी कुडाळला बायकोचं मोठं ऑपरेशन सुखरूप पार पडलं होतं. म्हणून त्यांनी पेटी उघडली आणि एकेका वजनाला ओल्या हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावलं. नंतर पुसलंही, अगदी निगुतीने. कुंकू लाल, ते दिसलं आणि निघालं. पितळेच्या खाचेतली हळद कोणाला दिसणार? बाकीच्या वजनांवरची निघाली, दोन ग्रॅमच्या गळ्यात वाळून बसली.

काकांनी सगळं सांगितल्यावर भिडे सरांनी दार लावून घेतलं. मी आतच होते. सर माणूस वाईट नाही, पण कंपनी त्यांना चालवायची होती. ते म्हणाले, "पेडणेकर, ऐका. रिव्हाइज्ड सर्टिफिकेट काढू. रीटेस्टेड, पास. खलास. कारण कोण विचारतंय?"

"ते म्हणतील काटा दुरुस्त केला," काका म्हणाले. "म्हणजे आधी तो वाकडा होता. मग नियाझ चोरच राहिला."

"तो त्यांचा इंटर्नल मॅटर आहे. तुम्ही खरं लिहिलंत तर तुमची सही जाईल. ऑडिटमध्ये मी नाही वाचवू शकत तुम्हाला. सही गेली तर तुमचं इथे काम काय?"

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हो म्हणतील, आणि हे मी आज लिहिते आहे म्हणून सांगते, त्यांनी हो म्हणावं असं मला वाटत होतं. माझा टॅम्परिंग शब्दही त्याच्याखाली गाडला गेला असता. मग ते उठले आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "टाइप कर. काट्यात दोष नव्हता. दोष माझ्या वजनात होता. वजनाला हळद लागली होती, ती मी लावली होती." मग म्हणाले, "मी सांगतो तसंच. तू सुधारू नकोस." मी मान खाली घालून टाइप केलं. दसऱ्यानंतर त्या वजनाने तपासलेल्या बाकी काट्यांची यादीही त्यांनी त्याच बैठकीत काढून मला दिली आणि सगळे परत बोलवायला लावले.

बुधवारी सकाळी कागद घेऊन आम्ही दोघं क्लबला गेलो. कुरिअरवर सोडायला ते तयार नव्हते, म्हणून मी माझी गाडी काढली. मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला, हळद म्हणजे काय ते मला विचारून घेतलं, फोन केला आणि नियाझभाईंना बोलावून घेतलं. चौकशी तिथेच थांबली. सोमवारपासून कामावर या, असं त्यांना सांगण्यात आलं. सगळं अर्ध्या तासात झालं.

नियाझभाई बाहेर व्हरांड्यात आले. हातात औषधांच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती. अकरा दिवसांत माणूस वाळला होता. काकांनी आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, पूजेसकट. नियाझभाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "पेडणेकर साहब, मैं रोज़ सुबह अपने तौल के बाट से चेक करता हूँ. किताब में लिखता हूँ. सत्रह साल की किताबें हैं. आप एक फ़ोन कर लेते."

काका म्हणाले, "हाँ."

"नौकरी की बात नहीं है. घर में बेटी ने पूछा, अब्बू, आपने कुछ लिया तो नहीं? एक ही बार पूछा उसने."

काकांनी हात पुढे केला होता तो मागे घेतला. म्हणाले, "मैं उसको बोलता हूँ. अभी." नियाझभाई नको म्हणाले. काका तिथून हललेच नाहीत. दोघंही असे उभे राहिले की मला वाटलं आता इथे काहीतरी वाईट होणार. शेवटी नियाझभाईंनी खांदे पाडले आणि म्हणाले, "यल्ला, चलो."

काकांची सही गेलीच. दोन महिने ते नुसते ये-जा करणाऱ्या काट्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले आणि मग गावी गेले. मी तेव्हा रजेवर पुण्यात होते, भेट झाली नाही. त्यामुळे काका म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या बुधवारची दुपार. मुहैस्नाह भागात, नियाझभाई राहत त्या फॅमिली बिल्डिंगखाली मी गाडीत बसले होते, एसी चालू ठेवून. शाळेची बस आली. मुलगी उतरली, युनिफॉर्ममध्ये, पाठीवर बॅग. वडिलांना तिथे बघून थबकली. काका दोन पावलं पुढे झाले. ते काय बोलले ते मला काचेतून ऐकू आलं नाही. हात मागे बांधलेले होते आणि मान खाली होती. उन्हात ते बराच वेळ बोलत होते. मुलगी त्यांच्याकडे बघतच नव्हती, वडिलांकडे बघत होती. बोलणं संपलं तेव्हा तिने वडिलांच्या हातातली ती औषधाची पिशवी आपल्याकडे घेतली, दुसऱ्या हाताने त्यांची बाही धरली आणि दोघं लिफ्टकडे गेले.